पावर हाउसला सापडलेली मुलगी

बाई, तुम्ही गेलात त्याला चाळीसच्या वर वर्षं होऊन गेली. तुमच्या तेरवीला मजुरांचा अर्धा कॅम्प जमला होता. ज्यांना तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बाराखडी शिकवली ती पोरं, तोवर पोलादाच्या प्लांटमध्ये फोरमन आणि क्लार्क झालेली, एकेक उठून बोलत होती. बाईंनी आमचं कल्याण केलं, म्हणत होती. मी मागच्या भिंतीला टेकून पत्रावळीवरचा भात नुसता चिवडत होते. ते दुःख नव्हतं. किळस होती. तेव्हापासून ती गेली नाही, आणि या वर्षी जे घडलं त्यानंतर तर ती गिळून बसणं मला जमेना, म्हणून लिहिते आहे.

तुमचे पहिले दिवस मला चांगले आठवतात, हीच तर पंचाईत. भिलाई तेव्हा भिलाई नव्हतीच. लाल मुरमाची उघडी जमीन, जिकडे तिकडे खड्डे, आणि सुरुंग लागला की थरथरणारे आमच्या खोलीचे पत्रे. बाबा भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून प्लांटच्या पायाच्या खोदकामावर आले होते. दुसऱ्याच उन्हाळ्यात कॉलऱ्यानं गेले. माय राहिली, दहा वर्षांची मी राहिले आणि वर्षाची माझी बहीण, बारकी. मायला परदेशी लोकांच्या बंगल्यावर कपडे धुण्याचं काम मिळालं. बारकीला कडेवर घेऊन मी तुमच्या शाळेच्या दारात उभी राहायची, आतलं ऐकत. एक दिवस तुम्ही पाढे थांबवून म्हणालात, "बाहेर कावून उभी आहेस? तिलाही घेऊन ये आत." तुम्ही रेल्वेतल्या गार्डची मुलगी, दुर्गच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, इंग्रजी येणाऱ्या, पण आमच्याशी आमच्यासारखं बोलायचा. बारकी तुमच्या टेबलाखाली खडूचे तुकडे चघळत बसायची. मी वर्षभरात मराठी आणि हिंदी दोन्ही वाचायला लागले. तुमच्यासाठी मी जीव दिला असता. दहा वर्षांच्या मुलीकडे द्यायला जीवच असतो.

माय ज्या बंगल्यावर जायची तिथले साहेब रशियन नव्हते. प्लांट रशियनांच्या मदतीनं उभा राहत होता, म्हणून आम्ही सगळ्या गोऱ्यांना रशियनच म्हणायचो, पण हे युरोपातल्या दुसऱ्याच कुठल्याशा देशाचे, एक मशीन बसवायला दोन वर्षांसाठी आलेले. त्यांच्या बायकोला मूल नव्हतं. माय धुणं धुवायची तेव्हा ती बारकीला मांडीवर घेऊन दुधात बुडवलेली बिस्किटं भरवायची आणि आपल्या भाषेत काहीबाही गायची. बाजारहाट, औषधं, गड्याशी बोलणं, सगळ्याला त्यांना तुम्ही लागायचा. त्या बाईचा मला राग नाही. तिनं मूल मागितलं. मिळवून दिलं तुम्ही.

त्या दुपारी तुम्ही आमच्या खोलीवर आलात. मायनं पाट दिला, तुम्ही पदरानं पुसून त्यावर बसलात. तुमचा आवाज वर्गात कविता शिकवताना व्हायचा तसा मऊ झाला होता. "हे बघ, आपण पोर मामाकडं शिकायला ठेवतो ना, तसंच समज. दूध मिळेल, डॉक्टर मिळेल, शाळा मिळेल. इथं काय आहे? मागच्या महिन्यात या ओळीत दोन लेकरं गेली."

माय खूप वेळ चुलीतली राख काडीनं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "वापस येईन ना मंग?"

"येईल की. शिकून येईल. पाच-सहा वर्षं काय, अशी जातात."

"मले त समजत नाई, बाई. तुमी शिकेल हा. तुमी म्हणता त असंन."

तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात. तो हात मला आजही दिसतो, त्यावरचा खडूचा पांढरा पट्टा सुद्धा. तुम्हाला माहीत होतं की ती परत येणार नाही. मायला फसवायला तुम्हाला मोठं काही करावं लागलं नाही. 'येईल की' एवढे दोन शब्द पुरले.

मग बारकीची तयारी सुरू झाली. तिचं डोकं भादरलं, उवा नकोत म्हणून. औषधी साबणानं घासून तिची कातडी लाल केली. एका डॉक्टरनं तिचे ओठ वर करून दात पाहिले, मांड्या दाबून पाहिल्या, पाय वाकडे तर नाहीत ना म्हणून तिला फरशीवरून चालवलं. आमच्या गावच्या बाजारात गोऱ्हा घेताना बाबा असंच करायचे. पांढरी चादर टांगून तिचा फोटो काढला. ती रडत होती म्हणून फोटोवाल्यानं तीनदा कॅमेऱ्यातली काच बदलली आणि तुम्ही तिच्यासमोर खुळखुळा वाजवत होतात. मी बाजूला उभी राहून हसत होते, कारण तुम्ही हसत होतात.

परदेशात पोर न्यायचं तर दुर्गच्या कोर्टातून पालकत्वाचा हुकूम लागत होता. वकिलाच्या ओट्यावर बारकीला खेळवत बसले होते, तेव्हा आतलं वकिलाचं बोलणं मी ऐकलं. "विधवा माँ है, कल को मुकर गई तो? लावारिस लिखवा दीजिए, जल्दी हो जाएगा." तुम्ही चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि म्हणालात, "ठीक है, लिखिए." तेवढाच वेळ लागला, बाई. बारकीची माय कागदावरून पुसायला तुमचा चष्मा पुसून होईपर्यंतचा वेळ लागला.

नंतर शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घ्यायचा. कोर्टात हिंदीत म्हणायची तीन वाक्यं होती. मी पावर हाउस स्टेशनवर पाणी भरायला गेले होते. तिथं ही मुलगी एकटी रडत होती. हिचं कोणी नाही. लहान मुलगी खोटं बोलत नाही असं जजसाहेबांना वाटतं, असं तुम्ही वकिलाला सांगितलं होतंत. मी घाबरून 'रो रहा था' म्हटलं तर तुम्ही माझी चूक दुरुस्त केली. "'रो रही थी' म्हणायचं. मुलगी आहे ना ती?" याच वर्गात पाटीवरचं उत्तर दुसऱ्याचं पाहून लिहिलं म्हणून तुम्ही एका पोराला दिवसभर उभं केलं होतं. आणि मायला सांगितलंत, "कोणी विचारलं तर म्हणायचं, मी सांभाळते हिला."

"मी माय आहो ना तिची."

"आहेसच ग. फक्त कागदावर नाही. कागद काय, कागद असतो."

कोर्टाच्या दिवशी पॅसेंजरनं आपण दुर्गला गेलो. तुम्ही मला निळा फ्रॉक आणला होता, माझ्या आयुष्यातला पहिला नवा कपडा. खोलीत साहेब, त्यांची बायको, वकील, तुम्ही आणि मी. माय बारकीला घेऊन बाहेर व्हरांड्यात. मी तीन वाक्यं बोलले. स्वच्छ बोलले, एकही चूक नाही. जजसाहेब म्हातारे होते, चांगले दिसत होते. त्यांनी मुलगी आणायला सांगितली. शिपायानं मायकडून बारकीला घेतलं आणि परदेशी बाईच्या हातात दिलं. बारकी तिला ओळखत होती, पण एवढे काळे कोट पाहून बावरली, दाराकडे वळली आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "माय! माय!"

माय दारात उभी होती. तिनं हात पुढं केले नाहीत. लुगड्याच्या निऱ्या दोन्ही मुठींत धरून उभी राहिली.

जजसाहेबांनी विचारलं, "ये इसको माँ क्यों बोल रही है?"

तुम्ही लगेच म्हणालात, "छोटे बच्चे तो हर औरत को माय बोलते हैं, साहब."

जजसाहेब मायकडे पाहत राहिले. वकिलानं घसा खाकरला. तेव्हा मी पुढं झाले आणि म्हणाले, "मेरे को भी बोलती है, साहब." ते मला कोणी शिकवलं नव्हतं. जजसाहेब हसले आणि त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "शाब्बास."

बाहेर आल्यावर तुम्ही पुड्यातून पेढे काढलेत. सगळ्यांना वाटले. मायलाही दिला, आणि तिनं तो तोंडात घातला, कारण तुम्ही दिला होता आणि नाही म्हणायची तिला सवय नव्हती. स्टेशनच्या वाटेवर ती एका भिंतीला धरून ओकली. "ऊन लागलं असेल," असं तुम्ही त्या परदेशी बाईला इंग्रजीत सांगितलंत म्हणे. नंतर तुम्हीच ते मला कौतुकानं सांगितलं, इंग्रजी कसं पटकन बोलावं लागतं याचं उदाहरण म्हणून.

महिन्याभरात ते बारकीला घेऊन गेले. शाळेत मी एका मुलीला सांगितलं की माझी बहीण विमानात बसली. ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही मला पुढं बोलावून हाताच्या उलट्या बाजूला पट्टी मारलीत. "तुला बहीण नाही. किती वेळा सांगायचं?" सगळा वर्ग पाहत होता. त्यांच्यातल्या निम्म्यांनी बारकीला कडेवर खेळवलं होतं.

वर्षभरानं तुमच्याकडे फोटो आला. लोकरी टोपी, गुबगुबीत गाल. तुम्ही मायला तो तुमच्या घरी बोलावून दाखवलात, आणि तिनं पदरात घ्यायला हात लावला तर परत घेतलात. "तुझ्याकडं सापडला तर पंचाईत होईल." सहा वर्षं झाल्यावर माय तुमच्याकडे आली. धुतलेलं लुगडं नेसून आली होती. मी सोबत होते. "बाई, आता यायची असंन ना बारकी?" तुम्ही वह्या तपासत होतात. वर न पाहता म्हणालात, "अगं, असं कोणी परत पाठवतं का? कोर्टाचा हुकूम आहे. आणि तुझ्या नावाचं काय आहे त्यात?" माय तुम्हाला नमस्कार करून निघाली. नमस्कार करून, बाई. वाटेत मला एवढंच म्हणाली, "तू त होतीस ना कोर्टात. तुले माईत होतं?" मी नाही म्हटलं. त्यानंतर बारा वर्षांनी ती गेली. शेवटच्या तापात कडेवर पोर असल्यासारखी कंबर वाकडी करून निजायची.

तुमच्याच शिकवण्यामुळं मला प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरी लागली, हे मी विसरले नाही. ते विसरता आलं असतं तर तुमचा नुसता राग आला असता, आणि रागावर माणूस जगू शकतं.

या वर्षी दिवाळीनंतर कॅम्पातल्या माझ्या दारात एक म्हातारी होत आलेली बाई उभी राहिली. पांढरे आखूड केस, पायांत बूट, सोबत रायपूरहून आलेली दुभाषी मुलगी. हातात कोर्टाच्या कागदाची नक्कल. त्यात साक्षीदार मुलीच्या नावापुढं माझ्या बाबांचं नाव आणि 'मजूर वस्ती, कॅम्प-१' असा पत्ता होता. विचारत विचारत आल्या होत्या. दुभाषीनं सांगितलं, "जिस लड़की को ये स्टेशन पर मिली थीं, उनसे मिलना चाहती हैं. थँक यू बोलना है." आणि त्या बाईनं, मायचंच कपाळ आणि मायचीच हनुवटी असलेल्या त्या बाईनं, वाकून माझ्या पायांना हात लावला. मला वाटलं, पाय कापून टाकावेत.

तिला स्टेशन बघायचं होतं. पावर हाउसला आम्ही ऑटोनं गेलो. ती फलाटावर इकडे तिकडे पाहत होती, कुठं, कुठं, असं विचारत होती. तिथल्या एका बाकड्याचा तिनं फोटो काढला आणि त्यावरून हात फिरवला. ते मात्र मला पाहवेना. मी त्या दुभाषीला म्हटलं, "इनको बोलो, यहाँ कोई नहीं छोड़ के गया था." आणि त्याच बाकड्यावर बसून सगळं सांगितलं. माय, तुम्ही, वकील, पेढे. आपल्याला कोणी टाकून गेलं नव्हतं, हे कळायला तिला साठच्या वर वर्षं लागली. ती रडली नाही. तिनं विचारलं, मला बोलता येत होतं का? मी हो म्हटलं. मग मी आईला हाक नाही मारली?

मारली, मी म्हटलं. जजनं ऐकली.

मग?

मी तिला तुमचं वाक्य सांगितलं. लहान मुलं प्रत्येक बाईला माय म्हणतात. तिनं ते पुन्हा भाषांतर करून घेतलं. आणि तेवढ्यावर जजनं विश्वास ठेवला? असं तिनं माझा हात हातात धरून विचारलं. मी म्हटलं, नाही, बाईंनी आणखी एक सांगितलं. बाई म्हणाल्या, साक्षीला आलेल्या या मुलीलाही ही माय म्हणते.

आता तिचा दर रविवारी फोन येतो. मला दीदी म्हणते. तुमचं नाव निघालं की तिचा आवाज बदलतो, आणि मी तो बदलू देते. तुमच्या नावावर मी माझं ते एक वाक्य जास्तीचं घातलं आहे, बाई. बाकी सगळं तुमचंच आहे.