फोटोची भिंत

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (परवा डावा गुडघा सळईवर आपटला, त्यामुळे प्रत्यक्षात सातच अंगांचा झाला. आठवं बरं झालं की पाठवते.) तुमची तब्येत ठीक असेल, मामींची कंबर ठीक असेल आणि दोघांपैकी कोणीही शिडीवर चढत नसेल, असं मी गृहीत धरलं आहे. गृहीतक चुकलं असल्यास मामींनी कळवावं. तुम्ही कळवणार नाही. फोन करायचा सोडून पत्र का, असं विचाराल. फोनवर आवाज नीट जात नाही. दोष माझ्या बाजूचा असावा.

पार्सल पोचलं. तुमचा आणि मामींचा फोटो, दोन फूट बाय दीड फूट, सागवानी चौकट, वर काच, सोबत तीन इंची चार खिळे आणि चिठ्ठी: ‘फोटोची भिंत बांधते आहेस तर पहिला फोटो घरचा लाव.’ ही चिठ्ठी मी तीनदा वाचली आणि मग आपलं शेवटचं बोलणं आठवून पाहिलं. तुम्ही विचारलंत, सध्या काय बांधतेस. मी म्हणाले, स्फोटाची भिंत. तुम्ही म्हणालात, वा, मोठी आहे का. मी म्हणाले, चाळीस फूट लांब, चौदा फूट उंच. तुम्ही म्हणालात, बापरे, एवढे आणणार कुठून. मी सिमेंटच्या हिशोबात होते, म्हणाले, कंपनी पुरवते. तुमचं समाधान झालं, माझंही झालं, आणि दोघांनी दोन वेगळ्या भिंतींबद्दल फोन ठेवला. आता मामी लिहितात की, भाचीकडे मोठमोठ्या माणसांचे फोटो लावायचं काम आहे असं तुम्ही सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय आणि समोरचा शिंपीही आपला फोटो काढून घेणार आहे. त्याला कृपया थांबवावं.

तर खुलासा. भिंत स्फोटाची आहे. (जोर पहिल्या अर्ध्या अक्षरावर, म्हणून ते दोनदा गिरवलं आहे.) या गोदामात रसायनांची पिंपं राहणार. ती एकेकटी सभ्य असतात, पण ऊन लागलं किंवा चुकीचा शेजारी मिळाला की बिघडतात. म्हणून तीन बाजूंना दोन फूट जाड काँक्रीट, त्यात दोन्ही अंगांना सळ्यांची जाळी, इतकी दाट की मुकादमाचं घड्याळ आत पडलं ते काढायला अर्धा दिवस गेला. आणि चौथ्या बाजूला मुद्दाम हलका पत्रा. कधी काही झालंच तर सगळा दाब पत्रा उडवून रिकाम्या माळाकडे जावा आणि भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाच्या चहावरची साय हलू नये. (साय आकडेमोडीत नाही. मुकादमाला समजावताना सुचली, आणि आता तो पाहुण्यांना तेवढीच सांगतो.) या भिंतीला खिडकी नाही, कोनाडा नाही आणि तिच्यावर काहीही टांगायचं नाही. टांगलेली वस्तू अशा वेळी भिंतीवर राहत नाही, निघते. तुमचा फोटो चौकटीसह तीन किलो दोनशे ग्रॅम भरतो (मी तोलला). तुम्ही दोघं किती वेगाने निघाल याचंही गणित मी केलं. आकडा देत नाही, कारण हे पत्र मामीही वाचतील.

स्टोअरकीपरला यातलं काही माहीत नव्हतं. तो फार मदत करणारा माणूस आहे आणि त्याच्याबद्दल माझी तक्रारही तेवढीच आहे. बुधवारी मी ठोकळे फोडायला प्रयोगशाळेत गेले होते (भिंत ओतताना त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवतात आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात, आमचे बरंच सोसून मग फुटले, म्हणजे बातमी चांगली आहे). पार्सल माझ्या टेबलावर उघडं, चिठ्ठी वर. त्याने चिठ्ठी वाचली, फोटो उचलला आणि पूर्वेच्या भिंतीशी गेला. पहिले दोन खिळे वाकले. सुज्ञ माणसाने इथे विचार केला असता. त्याने ड्रिल आणलं.

गुरुवारी सकाळी इन्स्पेक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात बारीक टॉर्च. भिंतीवरून टॉर्च फिरवता फिरवता त्यांचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर थांबला. हे कोण, असं त्यांनी विचारलं. मामा आणि मामी, मी म्हणाले. कंपनीचे? नाही, माझे. मग इथे काय करताहेत? स्टोअरकीपर मागून म्हणाला, “मॅडम, शोभा आली ना जरा?” बाईंनी वही काढून शेरा लिहिला, तो जसाच्या तसा देते: ‘पूर्वेकडील भिंतीवर दोन नातेवाईक आढळले. त्वरित उतरवावेत. छिद्रांभोवतीचा भाग तपासून छिद्रे बुजवावीत.’ सहा वर्षांच्या नोकरीत माझ्या कामावरचा हा पहिला शेरा. त्यात तुम्ही आहात.

छिद्रांभोवती तपासण्याचं यंत्र असतं. ते भिंतीवर दाबलं की उसळी मोजून आकडा देतं. आकडे ठीक आले. तरी मी तुमची हातोडी काढली. (हो, माझ्याकडेच आहे. तुम्ही ती दोन वर्षं शोधताय हे मला ठाऊक आहे.) दांड्याने ठोकत गेले, डावा तळहात भिंतीला टेकवून, तुम्ही शिकवलंत तसं. भरीव, भरीव, भरीव. शेवटी काही कारण नसताना दोनदा ठोकलं. आपलं ते तुम्हाला आठवत असेल: शाळा सुटली की मी तुमच्या गवंडीकामावर यायचे, तुम्ही गिलावा केलेल्या भिंतीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या, तुम्ही दोनदा ठोकलंत की ‘आहेस का’, मी दोनदा ठोकलं की ‘आहे’, आणि तीन म्हणजे चहा. पलीकडे मुकादम होता. त्याने उत्साहाने तीन ठोके दिले. त्याला आपली भाषा येत नाही. मी चहा मागवला. पण नोंद करण्यासारखी गोष्ट अशी की दोन फूट काँक्रीटमधून त्याचा ठोका कानाला जेमतेम आला आणि तळहाताला अगदी स्पष्ट.

एक कबुली द्यायची आहे. मागच्या खेपेला मी तुमच्या ठोकून पाहण्याला अशास्त्रीय म्हणाले होते, जेवताना, शिंप्यासमोर. त्यानंतर चौदा महिने, ते भिंतीचं एक बोलणं सोडलं तर, तुम्ही फोनवर ‘बरं, बरं’ म्हणून तो मामींकडे देता. मी धरून चालले होते की तुम्ही रागावला आहात. निष्कर्ष चुकीचा होता, असं आता वाटतं. शब्द मात्र मागे घेते. ते राहून गेलं होतं.

भिंत नीट आहे, मी नीट आहे, गुडघा वाटेवर आहे. मामींना नमस्कार, शिंप्याला वरील निरोप.

तुमची भाची
(पूर्वेकडील भिंत)

ता. क. १: फोटो माझ्या खोलीत आहे. खोलीची भिंत अर्ध्या विटेची. तिला खिळा चालतो. उरलेल्या दोन खिळ्यांपैकी एक वापरला.

ता. क. २: फोटो उतरवताना इन्स्पेक्टरबाईंनी एक विचारलं, ते शेऱ्यात नाही. फोटोत तुम्ही मान वळवून उजवा कान पुढे केला आहे. त्या म्हणाल्या, “यांना ऐकू कमी येतं का? माझे वडील असेच बसायचे. दोन वर्षं आम्हाला वाटत होतं, चिडलेत.” मग मला मागच्या खेपेचं आठवलं. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून स्वस्थ बसला होतात आणि मामी चिडल्या होत्या. त्याच संध्याकाळी मी आतल्या खोलीतून सहज त्याच भिंतीवर दोनदा ठोकलं, तर तुम्ही टेकल्या जागेवरून लगेच दोनदा ठोकलंत. चिडलेला माणूस उत्तर देत नाही. हे दोन पुरावे मी तेव्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. कानाच्या डॉक्टरांची सतरा तारखेची वेळ घेतली आहे. दवाखाना माझ्या खोलीपासून चारशे पावलांवर आहे.

ता. क. ३: अठरा तारखेला पूर्वेच्या भिंतीबाहेर मातीचा बांध घालतात, पार वरपर्यंत. तो स्फोटाच्या सोयीसाठी असतो, पण त्यानंतर भिंतीची ती बाजू कोणालाच दिसणार नाही. सतराला दवाखाना आटोपला की संध्याकाळपर्यंत वेळ आहे. इन्स्पेक्टरबाईंची परवानगी घेतली आहे. एका नातेवाइकाला, न टांगता.

ता. क. ४: तुमच्या येण्याची तांत्रिक गरज नाही. तुम्ही बाहेरून उभे राहा, तळहात टेकवून. मी आतून दोनदा ठोकेन.