काथ्याचे दात

९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक. तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून रागावली असशील. दुकानात दिवसभर ठोकाठोक, वर शिलाई मशीनची घरघर. धड काही ऐकू येत नाही. म्हटलं, त्यापेक्षा पत्र बरं. निवांत वाचशील.

तू दातांची डॉक्टर, पण माणसांच्या. तरी विचारतोय. काथ्या आठवतो ना? सोफे बनवायच्या दुकानात कुत्र्याचं पिल्लू कोण ठेवतं, म्हणून तू हसली होतीस. रंग अगदी सोफ्यात भरायच्या काथ्यासारखा, म्हणून ते नाव. तर गेले काही दिवस त्याने खाणं टाकलंय. भूक आहे त्याला. वाटी वाजली की घसरत धावत येतो, पहिला घास घेतो, कुईं करून मागे सरतो. मग वाटीकडे असा बघतो, जणू वाटीच त्याला चावली. हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

दुधाचे दात पडतायत त्याचे. काल एका चिंधीवर रक्ताचा ठिपका दिसला आणि शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा दात. ही म्हणाली, "लेकरांना दात येताना होतं तसंच हे. एवढं काय घाबरायचं?" पण मी घाबरलोय खरा. टॉर्च घेऊन त्याचं तोंड बघत बसतो. हिरड्या लालभडक. खालचा एक जुना सुळा तसाच आहे आणि त्याच्या आतल्या अंगाने नवा वर आलाय.

सुचेल ते करतोय. कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवतो, पार मऊ करतो, निवले की देतो. खोलगट वाटीची कड हिरडीला लागते असं वाटलं, म्हणून पसरट ताटली घेतली. जेवणाआधी ओलं फडकं पिळून बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. ते थोडा वेळ चघळलं की हिरड्या बधिर होत असाव्यात, चार घास जातात. बोटाने भरवलं तर आणखी दोन. कधी बोटच चावतो. चावू दे.

माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला द्यायची नसते, एवढं ठाऊक आहे. अजून काही असेल तर कळव.

आणि सहज विचारतो, तोंडातली एखादी जखम भरायला साधारण किती दिवस लागतात? म्हणजे कुत्र्याच्या असं नाही. एकूणात.

तुझा,
धाकटा

२० जून

ताई,

तुझं उत्तर मिळालं. काथ्यासाठी पानभर सूचना आणि खाली एकच ओळ, 'जखम कोणाच्या तोंडात आहे?' त्यावर येतो. आधी काथ्याचं सांगू दे.

मऊ खाणंही तो ताटलीत तसंच ठेवायला लागला, तेव्हा टॉवेलात गुंडाळून त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी एका हाताने जबडा उघडला, मिनिटभर पाहिलं आणि म्हणाल्या, "जुना सुळा जागा सोडत नाहीये. त्यामुळे नवा आत वळलाय आणि वरच्या टाळूला टोचतोय. घास घेतला की टोचणारच. जुना काढून टाकू."

मी म्हटलं, "थोडं थांबलं तर? आपोआप पडेल ना तो?"

"थांबून टाळूला भोक पडायची वाट बघायची का?" बाई म्हणाल्या. "मुकी जनावरं तोंडातलं दुखणं लपवतात हो. खाणं सुटेपर्यंत मालकाला पत्ताच लागत नाही."

ही काथ्याचं डोकं धरून उभी होती. तिने बाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. मी भाताचा लगदा करून एका बाजूने गिळत होतो. तिने स्वतःचं ताट सरकवलं.

"त्याच्यासाठी मऊ करता करता तुमच्यासाठीही मऊच शिजवतेय मी. मला काय कळत नाही? तिखट बंद केलंत. गिऱ्हाइकाशी नुसत्या मानेने बोलता. आ करा."

"काही नाही गं. कापड ठोकताना खिळे तोंडात धरतो ना, एखादा लागला असेल."

"आ करा म्हणते ना."

काथ्याचाच टॉर्च होता. तिने बराच वेळ पाहिलं. मग टॉर्च विझवला, स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती ती.

जिभेच्या डाव्या कडेला आहे, ताई. पांढरट, मधे लाल, कडा हाताला कडक लागतात. कधीपासून ते लिहीत नाही, तू ओरडशील. फोन का उचलत नव्हतो ते आता तुला कळलं असेल. 'स' म्हणताना जीभ अडखळते आणि तुझ्या कानांनी दोन वाक्यांत चोरी पकडली असती. आपले नाना आठवतात ना? ऐन उन्हाळ्यात मफलरीत तोंड गुंडाळून बसायचे आणि सर्दी झालीय म्हणायचे. आपण नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. त्यांनी मफलर गुंडाळली, मी कुत्र्याचं पिल्लू पुढे केलं. एवढाच फरक.

उद्या काथ्याचा दात काढतील. शनिवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. त्याला शेजारचा चष्मेवाला सांभाळेल. ही म्हणते, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाऊन ताईंना सांगेन. म्हणजे यावं लागणारच. तू बहीण म्हणून बघू नकोस, डॉक्टर म्हणून बघ. रडायचंच झालं तर आतल्या खोलीत जा. मला दिसेल असं नको.

तुझा,
धाकटा

११ जुलै

ताई,

तपासणीचा निकाल तू आधी मला सांगितलास आणि मग हिला, ते बरं केलंस. नानांना आपण शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं आणि त्यांना सगळं कळलेलं होतं. दार लोटून आपली कुजबुज चालायची तेव्हा ते एकटेच आत पडून असायचे. मला तसं पडायचं नव्हतं.

परवा ऑपरेशन. तू गाठून दिलेले सर्जन भले आहेत. म्हणाले, "सुरुवातीलाच सापडलंय, पण जिभेची कड काढावीच लागेल." मी विचारलं, बोलता येईल ना? "येईल. लगेच नाही. काही अक्षरं कदाचित कायमची बोबडी राहतील." ही पटकन म्हणाली, "राहू देत." सर्जन हसले. मी नाही हसलो, पण बरं वाटलं.

काथ्याचा नवा सुळा आता सरळ वर आलाय. आज त्याने पहिल्यांदा न भिजवलेले दाणे खाल्ले. कुडुम कुडुम आवाज. ही ओट्याशी हात थांबवून ऐकत राहिली. त्यानंतर त्याने एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीचा हात कुरतडला. तो दुरुस्त करायचं मी परत आल्यावर बघू.

आज मी दिवसभर बोललो, ताई. दुखत होतं तरी बोललो. एका बाईंना पडद्यांचे नि सोफ्याच्या कापडाचे रंग समजावून सांगितले, त्यांनी न विचारलेलेसुद्धा. चष्मेवाल्याशी त्याच्या पाटीवरून भांडलो. बिचारा चक्रावून गेला, मग माझ्यासाठी चहा घेऊन आला. काथ्याला यथेच्छ शिव्या घातल्या. हिला अख्खं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, हवामानासकट.

तुला माहीत आहे, लग्न झाल्यापासून मी हिला 'अगं' म्हणतो. नाव कधी घेतलंच नाही. घ्यायचं नाही असं काही नव्हतं, राहून गेलं. दुपारी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी मागून तिला नावाने हाक मारली. तिला वाटलं, कुणी पाहुणं आलंय. तिने दाराकडे पाहिलं. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा वळली.

"काय झालं?"

"काही नाही. म्हणून ठेवतोय."

हातातला ओला सदरा तसाच खांद्यावर टाकून ती जवळ आली. "परत म्हणा," म्हणाली. म्हटलं. मग अंधार पडेपर्यंत कितीदा म्हटलं कोण जाणे.

भीती वाटते, ताई. भुलीची नाही, कापाकापीचीही नाही. शुद्धीवर आल्यावर तोंड उघडेन आणि मला वाटतंय त्याहून भलतंच काही बाहेर पडेल, याची वाटते. तू तिथे उशाशी असशीलच. जे काही निघेल, ते समजून घे.

तुझा,
धाकटा