कुणाच्या मागे नाही

८ एप्रिल, मंगळवार

बाथरूमची किल्ली आज पुन्हा घड्याळाच्या खिशात! घड्याळ म्हणजे आमचा सुपरवायझर. त्याला नाव आहे, पण गेल्या सहा वर्षांत कुणी ते घेतलेलं नाही. दिवसातून दोनदा किल्ली देतो आणि बाई परत येईपर्यंत मनगटाकडे बघत दारात उभा राहतो. आज बटणवाली मशीनवरूनच ओरडली, "दादा, किल्ली तुमच्या बायकोकडे ठेवा, तिला तरी कळेल!" अख्खी लाइन हसली. त्याने तिचं नाव वहीत टिपून घेतलं.

एकोणीस वर्षं मी शर्टाचे कफ शिवतेय. उजवा, डावा, उजवा, डावा. आमच्यातल्या निम्म्या बायका अजून कंत्राटी. दर तीन महिन्यांनी कार्डावर नवी तारीख, जणू कालच भरती झाल्या. शुक्रवारी युनियनची बैठक आहे. मोर्चा निघणार, असं दिसतंय.

९ एप्रिल

हात चालले, डोकं कुठेच टिकलं नाही. दोन कफ उलटे लावले.

११ एप्रिल, शुक्रवार

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या खोलीत पन्नास माणसं. मांडी बदलायची तर शेजाऱ्याला विचारून! कंपोझिटर भाऊ बोलत होते. आधी छापखान्यात होते, आता युनियनचे सेक्रेटरी. ह्यांचे जुने मित्र. म्हणाले, बायकांना कायम करा, बाथरूमचं कुलूप काढा, हे तर मागायचंच. पण एवढं मागून घरी यायचं नाही. पालिकेच्या निवडणुकीत आपला माणूस आपण उभा करायचा. मोठ्या पक्षांची दारं खूप ठोठावून झाली.

तेवढ्यात दार उघडलं आणि आत आला कोण — माझा मुलगा! पांढरा शर्ट, कडक इस्त्री. तो साहेबांची गाडी चालवतो. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. हल्ली निरोपही तोच पोचवतो. सगळ्यांना नमस्कार करून म्हणाला, "ट्रक आमचे, माइक आमचा, परवानगीचंही आम्ही बघू. फक्त झेंडा पक्षाचा हवा. शेवटी साहेब दहा मिनिटं बोलतील."

कुणी त्याच्याकडे बघेना. सगळे माझ्याकडे.

कारण अकरा वर्षांपूर्वी ह्याच खोलीत हाच निरोप घेऊन हे उभे होते. ह्यांनीच सगळ्यांना पटवलं होतं. ट्रक आले, झेंडे आले. फाटकापाशी पोचल्यावर साहेब एकटेच आत गेले, मालकाबरोबर चहा घेतला, बाहेर येऊन म्हणाले, तडजोड झाली. पुढच्याच आठवड्यात चाळीस बायकांना घरी बसवलं.

मतं घेतली. झेंडा नको म्हणणारे हात बरेच जास्त निघाले. ठरलं, आपला मोर्चा आपणच काढायचा. माझा हात दोन्ही वेळा मांडीवरच राहिला. मुलासमोर उचलवेना. असली कसली मी!

१२ एप्रिल

सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "काल हात वर केला नाहीस ते बरं केलंस."

मी म्हटलं, "बरं म्हणून नाही केलं. जमलं नाही म्हणून."

"एकच ना!"

एकच नाही. पण तोवर कप ठेवून निघालासुद्धा.

१५ एप्रिल, मंगळवार

एक मेला मैदान मिळणार नाही. साहेबांच्या पक्षाने आधीच घेऊन ठेवलंय. कामगारांच्या दिवशी कामगारांनाच जागा नाही! मोर्चा रविवारी, सत्तावीसला.

आज ह्यांची फार आठवण आली. फार म्हणजे रोजच्याएवढीच, फक्त आज लिहितेय. हे कटिंग मास्टर होते. पन्नास थरांचं कापड एका दमात कापायचे, सुताएवढा फरक नाही. त्या तडजोडीनंतर एकदा अख्खा ताका वाकडा कापला. घरी येऊन सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. लोक रस्त्यात ओळख देईनात. युनियनमध्ये जाणं सुटलं, मग बोलणं कमी झालं. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंतही थांबले नाहीत.

वाचायला मी ह्यांच्यामुळे शिकले असं लोकांना वाटतं. तसं नाही. अस्तराचे गठ्ठे जुन्या वर्तमानपत्रांत बांधून यायचे, ती मी घरी आणायची. आधी मोठी अक्षरं, मग बारीक. हे झोपले की वाचायची, कारण चुकले तर हसतील अशी भीती. एक दिवस जागे निघाले. डोळे मिटूनच म्हणाले, "पुढचं वाच की, मधेच काय थांबलीस?"

तेव्हापासून मोठ्याने वाचते. अजूनही.

१८ एप्रिल, शुक्रवार

कंपोझिटर भाऊ आणि बटणवाली घरी आले. खुर्ची एकच. भाऊ उभेच राहिले.

म्हणाले, "वहिनी, आपल्या वॉर्डात तुम्ही उभ्या राहा."

मला हसूच फुटलं. "मी? कफ शिवणारी?"

बटणवाली म्हणाली, "मग काय, कॉलरवालीला उभी करू? ती भाषणात पण आधी सुनेबद्दल बोलेल!"

"मला बोलता येत नाही गं."

"पालिकेचं पाण्याचं पत्र अख्ख्या गल्लीला कोण वाचून दाखवतं? अर्ज कोण लिहून देतं? तेच करायचं, फक्त आवाज चढवून."

मोर्च्याच्या शेवटी नाव जाहीर करायचंय. मी म्हटलं, विचार करते. ते गेल्यावर तासभर भांडी घासली. चार भांडी!

२० एप्रिल, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

मोर्च्यापुढे धरायचा फलक आम्ही बायकांनीच शिवायचा होता. काळ्या कापडावर लाल अक्षरं, "कुणाच्या मागे नाही". सात अक्षरं, सात बायका. एकेकीने एकेक अक्षर घरी शिवून आणायचं. कारखान्यात असंच तर चालतं! आज सगळी अक्षरं खोलीत जमिनीवर मांडली आणि आम्ही तोंडाला पदर लावून हसत सुटलो. माप कुणी कुणाला दिलंच नव्हतं. खिसेवालीचा "कु" खिशाएवढा. बाहीवालीचा "ही" हातभर लांब. कॉलरवालीचा "गे" बसका आणि रुंद. माझा "मा"? मोजून पाहिला. बरोब्बर कफाच्या रुंदीचा!

बटणवाली म्हणाली, "अगं, आपण इतकी वर्षं शर्ट शिवतोय आणि आपल्यातल्या एकीने तरी अख्खा शर्ट शिवलाय का?"

हसणं थांबलं. कुणीच शिवला नव्हता. मीही नाही. ह्यांचे शर्टसुद्धा दुकानातून आणायची.

पुन्हा करायला लाल कापड उरलं नव्हतं. खिसेवाली रडकुंडीला आली. मग मीच म्हटलं, अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात. रेघ तेवढी सरळ धरू या, खाली ज्याचे पाय जिथे पोचतील तिथे पोचू देत. दोरी ताणली, खडूने रेघ मारली आणि सातहीजणी एका कापडाभोवती बसलो. पहिल्यांदाच! कोपराला कोपर लागत होतं, सुया टोचत होत्या, एकमेकींना शिव्या देत होतो. संध्याकाळी फलक भिंतीवर लावला. दिसायला वेडावाकडा. पण वाचता येतो, लांबूनसुद्धा.

२२ एप्रिल, मंगळवार

साहेबांच्या कानावर गेलंच.

मुलगा आल्या आल्या म्हणाला, "साहेबांनी विचारलं, तुझी आई उभी राहतेय म्हणे? मी काय सांगू?"

"सांग, अजून ठरलं नाही."

"आई, मला काढतील गं. ड्रायव्हर काय, दुसरा मिळेल त्यांना."

मी त्याचं ताट वाढलं. मग त्याने ते काढलं, जे इतकी वर्षं काढलं नव्हतं. "बाबांना साहेबांनी नाही मारलं. तुझ्या ह्या लोकांनी मारलं. रस्त्यात तोंड फिरवायचे. मी पंधरा वर्षांचा होतो, मला दिसत नव्हतं? बाबा गेले तेव्हा युनियनचे किती आले? बोटं मोड! साहेब आले होते. आणि तू ह्यांच्यासाठी उभी राहणार?"

खोटं एक अक्षर नव्हतं. साहेब आले होते. हार घेऊन आले होते. कंपोझिटर भाऊ आले नव्हते.

जेवला नाही. मीही नाही.

२३ एप्रिल

सुई बोटात गेली. घड्याळ म्हणाला, रक्त कापडाला लागलं नाही ना?

२४ एप्रिल, गुरुवार

सुटल्यावर तशीच युनियनच्या खोलीवर गेले. भाऊ एकटेच होते, पत्रकांच्या घड्या घालत होते. मी बसलेही नाही. विचारलं, "हे गेले तेव्हा तुम्ही का आला नाहीत?"

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. मग म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत आलो होतो, वहिनी. साहेबांची गाडी दिसली आणि मागे फिरलो. घरी जाऊन स्वतःला सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व कसलं! लाज वाटत होती. पटवलं त्याने, पण हात आम्हीच वर केले होते ना? चाळीसजणींची नावं त्याच्या एकट्याच्या गळ्यात बांधली आणि मोकळे झालो."

"हे त्याच्यासमोर बोलाल? मुलासमोर?"

"सगळ्यांसमोर बोलेन."

मग मीही घड्या घालायला बसले. उठताना म्हटलं, "माझं नाव घाला."

घरी येऊन मुलाला सांगितलं. तो फक्त म्हणाला, "बरं." आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

२७ एप्रिल, रविवार

पाय सुजलेत, घसा गेलाय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सात-आठशे तरी असतील! आमचा कारखाना, गिरणी, पालिकेच्या झाडूवाल्या, बसचे कंडक्टर. ट्रक नाही, माइक नाही, एक भोंगा तेवढा, तोही मधेच खरखरायचा. फलक पुढे, आम्ही सातजणी धरून. एका म्हाताऱ्याने फुटपाथवरून ओरडून विचारलं, "कुणाच्या मागे नाही, मग कुणाचा मोर्चा हा?" बटणवाली म्हणाली, "आमचाच! या की, अजून जागा आहे!" आणि आला तो, पिशवीसकट!

मोठ्या चौकात गाडी आडवी आली. काळी, चकचकीत. साहेबांची. चालवायला माझा मुलगा. मागून साहेब काहीतरी सांगत होते, हात हलवत होते. हॉर्न वाजव म्हणत असावेत. त्याने हॉर्न वाजवला नाही. गाडी बंद केली आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिला. आम्ही सगळे समोरून गेलो. त्याने फलक वाचला असणार. माझ्याकडे बघितलं की नाही, कळलं नाही. उन्हामुळे काच नुसती पांढरी दिसत होती.

फाटकापाशी कंपोझिटर भाऊ दिलेला शब्द पाळून बोलले. ह्यांचं नाव घेतलं. म्हणाले, चूक आम्हा सगळ्यांची होती आणि सोसली त्याने एकट्याने. मग माझं नाव पुकारलं. मी काय बोलले ते आठवत नाही. बटणवाली सांगते, मी म्हटलं, "आतापर्यंत आपली मागणी घेऊन दुसराच कुणीतरी आत जायचा आणि आपण फाटकाशी उभे. आता आपल्यातलंच कुणीतरी आत जाईल, आणि दार उघडं ठेवून बोलेल." बरं बोलले म्हणायचं!

२८ एप्रिल, सोमवार

त्याला काढलं नाही! सकाळी नेहमीसारखाच कामावर गेला. पाय सुजलेले म्हणून मी घरीच, सारखी दाराकडे बघत होते, दुपारीच परत येतो की काय म्हणून. नाही आला. संध्याकाळी आला तेव्हा खांद्यावर नवी बॅग. विचारलं, काय आहे? म्हणाला, ऑफिसचे कागद.

मी त्याला भाऊंचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाला, "अकरा वर्षांनी बोलले. लवकर बोलले!" मग पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ आला नाही.

३० एप्रिल

उमेदवारीचा अर्ज भरला. स्वतःच्या हाताने! कारकुनाने विचारलं, "शिक्षण काहीच लिहिलं नाही, आजी?" आजी! म्हटलं, "शाळा नाही. वाचता येतं असं लिहू?" तसा रकाना नाही म्हणाला. बटणवाली त्याच्याशी भांडायला निघाली, कशीबशी आवरली.

२ मे

बाथरूमचं कुलूप तसंच आहे. तिघींची कार्डं मात्र नवी तारीख न घालताच परत दिली. घड्याळ म्हणतो, विचार चालू आहे. कायम करायचा की काढायचा, ते सांगत नाही. मन थाऱ्यावर नाही. मुलगा हल्ली लवकर निघतो, माझ्याशी गोड बोलतो. त्याचीच जास्त भीती वाटते.

३ मे, शनिवार

साहेबांच्या पक्षाची उमेदवारांची यादी सकाळीच लागली. आमच्या वॉर्डात माझ्यासमोर माझा मुलगा. तो पायरीवर बसून बूट घालत होता, आत बघत नव्हता. मी विचारलं, "आज प्रचाराला कुठल्या गल्लीपासून सुरुवात?" नाडी बांधता बांधता म्हणाला, "तू कुठून करतेस ते सांग. मी दुसऱ्या टोकाकडून करतो."