चवीनुसार, म्हणजे कोणाच्या?

दि. ६ फेब्रुवारी

चि. खारीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. जानेवारीत तापाने घरात मुक्काम ठोकला होता. आधी तुझा दादा, मग मी. आता दोघंही ठणठणीत आहोत.

स्टॉलचं सामान काल मागच्या खोलीतून बाहेर काढलं. फळ्या शाबूत आहेत, ताडपत्रीला मात्र उंदरांनी चांगली खिडकी केली आहे. तुझा दादा सुतार असूनही घरचं काम म्हटलं की त्याची कंबर धरते, पण या वर्षी न सांगता रंधा घेऊन बसलाय. एप्रिलच्या उत्सवातलं आपलं हे अकरावं वर्ष. मसुराची कटलेटं, भाज्यांचं सूप, टोमॅटोची चटणी, तेच ठेवावं म्हणते. मांस-मच्छीच्या एवढ्या स्टॉलांमध्ये आपला एकटाच शाकाहारी, तेव्हा रांग जाणार कुठे?

चटणीची एक बरणी पाठवलीय, कशी झाली ते कळव. आणि हो, तू कृती लिहून घेतलेली वही आहे का गं? पाच किलो टोमॅटोला मीठ किती चमचे, तेवढं बघून सांग. मला नकोय, शेजारीण विचारत होती.

लोभ बरणीतल्या लोणच्यासारखा मुरत राहू दे.

तुझी,
वहिनी


दि. १३ फेब्रुवारी

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

बरणी पोचली. स्पष्ट सांगू? चटणी तोंडात घालवत नाही इतकी खारट आहे! पहिल्या वर्षी मी सुपात दोनदा मीठ घातलं म्हणून जिने माझं नाव खारी ठेवलं, मिठाच्या डब्याला हात लावायची मला कायमची बंदी केली, तिच्या हातची चटणी खारट? आमच्या औषधाच्या दुकानाच्या मालकांनी ती ब्रेडला लावून खाल्ली आणि उभ्या उभ्या दोन ग्लास पाणी प्यायले.

आणि शेजारणीला तू कधीपासून खरी कृती सांगायला लागलीस? तिला लसूण मुद्दाम निम्मा सांगितला होतास, विसरले नाहीये मी. वहिनी, काय झालंय? वही माझ्याकडेच आहे, पण आधी खरं ते कळव.

लोभ असू दे, उत्तर त्याच्याही आधी येऊ दे.

तुझी,
खारी


दि. १८ फेब्रुवारी

चि. खारीस, आशीर्वाद.

दादाने पत्र लिहिलं म्हणजे आज सूर्य पश्चिमेला उगवला असं म्हणशील. तुझ्या वहिनीला न सांगता लिहितोय. तुझं पत्र वाचून ती उठून आत गेली.

महिनाभर आमच्याकडे जेवण कधी अळणी, तर कधी खारट. मला वाटलं, तापाने माझीच जीभ बिघडली. तिच्या हातून चूक होईल हे डोक्यातच येईना. शेवटी गुपचूप डॉक्टरकडे गेलो. त्यांनी जीभ पाहिली आणि म्हणाले, ही उत्तम आहे, आता घरी जाऊन स्वयंपाक तपासा.

परवा मी दाराबाहेर फळी तासत होतो, तिथपर्यंत दूध करपल्याचा वास आला. आत गेलो तर ही शेगडीकडे पाठ करून मटार सोलत बसलेली. तिला पत्ताच नाही. विचारलं तर रडायलाच लागली. तापापासून तिला ना वास येतो, ना चव कळते. तिखट तेवढं झोंबतं. तिलाही डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात बहुतेक परत येईल, पण आठवडे लागतील की महिने ते सांगता येत नाही.

आता ती म्हणते, जिला मीठ कळत नाही तिने लोकांना काय खाऊ घालायचं, स्टॉल लावायचाच नाही. अर्जाची शेवटची तारीख अठ्ठावीस. या वर्षी सोडली तर झाडाखालची कोपऱ्यातली जागा दुसऱ्याची होईल, ती परत मिळत नसते. मला जागेचं एवढं नाही गं. उत्सव आला की ती दहा वर्षांनी लहान होते, ते मला घालवायचं नाही. मी आपला फळ्या तासतोय. थांबलो तर तिचं म्हणणं खरं होईल.

तूच काहीतरी कर. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस. लोभ वगैरे आहेच.

दादा


दि. २२ फेब्रुवारी

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

दादाने मला काहीही सांगितलेलं नाही. तसं त्याने बजावूनच लिहिलं आहे.

मला आधी रडू आलं, मग तुझा राग आला. महिनाभर एकटीने हे पोटात ठेवलंस? आणि मी मूर्ख, चटणीवरून तुझी थट्टा करत बसले. चुकले.

सोबत वही पाठवतेय, शेवटचं पान बघ. टोमॅटो, आलं, लसूण, सगळं मोजून लिहिलंय आणि खाली, ‘मीठ चवीनुसार’. पुढे मी पेन्सिलीने विचारलं होतं, ‘कोणाच्या?’ तर तू पेन्सिल माझ्या हातातून ओढून लिहिलंस, ‘माझ्या!’ तेव्हा चमच्यांचं माप वहीत कुठेच नाही. तू कधी मोजलंच नाहीस.

पण नोकरीसाठी इकडे येईपर्यंत सहा वर्षं तुझ्या प्रत्येक पातेल्यातला शेवटचा चमचा मीच चाटलाय. डब्याला बंदी होती, चमच्याला नव्हती. तुझी चव माझ्या जिभेला पाठ आहे. किती घालायचं ते मला सांगता येणार नाही, पण आता बरोबर झालं हे मला नक्की कळतं. कांदा लाल झाला की नाही हे तुझे डोळे बघतील, कटलेट कधी उलटायचं ते तुझे कान सांगतील. मिठापुरती मी आहे ना! दुकानातून रजा घेतलीय. मालकांनी लगेच दिली, परत बरणी आणायची नाही एवढीच अट घातली.

अर्ज भर. नाही भरलास तर शेजारणीला खरी कृती कळवेन, लसणासकट.

लोभ भरपूर असू दे, तो चवीनुसार नको.

तुझी,
खारी


दि. १ मार्च

चि. खारीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्ज दिला. काल, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं उरली असताना. दोनदा घरातून निघाले आणि दोनदा परत फिरले. तुझा दादा नुसता चपला घालून दारात उभा राहिला. मग जावंच लागलं.

घाबरले होते गं मी. चव गेली याची जेवढी भीती, त्याहून जास्त तुम्हाला कळेल याची. वीस वर्षं या घरात सगळे म्हणतात, हिच्या हाताला चव आहे. तीच गेली तर मी उरले कशाला, असं वाटायचं. तुझं पत्र वाचून पुन्हा रडले. डोळ्यांतलं पाणी ओठांपर्यंत आलं, तर त्याचीसुद्धा खारट चव लागेना! तेव्हा मात्र मला हसूच फुटलं. दादा घाबरून धावत आला.

त्याने स्टॉलमध्ये मिठाच्या डब्यासाठी वेगळी फळी ठोकलीय, डाव्या अंगाला. तू डावखुरी ना! शेजारणीने ताडपत्रीची खिडकी शिवून दिली. तिला लसणाचं खरं माप सांगून टाकलं, म्हणजे तुझी धमकी आता फुकट. मार्चअखेरीला ये, दोन-चार पातेल्यांची तालीम करू. दादाला चाखायला बसवणार नाही. तो माझ्यापुढे अजूनही सगळंच छान म्हणतो.

मालकांना नमस्कार सांग. लोभ आहे तो आता दोघींनी मिळून राखू.

तुझी,
वहिनी

ता. क. वही परत पाठवतेय. शेवटच्या पानावरचं ‘माझ्या!’ पुसून तिथे ‘खारीच्या’ असं लिहिलं आहे. या वेळी पेनाने.