पुसलेल्या चेहऱ्यांचा घास

८ जुलै

गाव सोडलं त्या सकाळी मी विकलेली गिरणी शेवटची झाडली. नवा मालक म्हणाला, अहो, आता हे माझं काम, तुम्ही कशाला कंबर वाकवता? पण जात्याच्या दगडाखाली मूठभर पीठ सांडलं होतं आणि पीठ पायाखाली ठेवून मला निघता येईना. ते गोळा केलं, चिमण्यांना टाकलं, दाराला नमस्कार केला आणि बस पकडली.

खोली मनासारखी मिळाली. खिडकी पूर्वेला, एक टेबल, लोखंडी कॉट आणि भिंतीत छोटा कोनाडा. कोनाड्यात देव मांडले. घरमालकिणीनं विचारलं, कॉलेजात मुलगा शिकतो की मुलगी? मीच शिकतो म्हटल्यावर बाई इतकी हसली की तिला चष्मा पुसावा लागला. कॉलेजच्या फाटकावर रखवालदार म्हणाला, पालकांनी बाहेर थांबायचं. मी ओळखपत्र दाखवलं. त्यानं एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कडक सलाम ठोकला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला असं नव्यानं ओळख दाखवत फिरायला मजा येते.

चित्रकलेच्या सरांनी प्रत्येकाला रोजनिशी लिहायला सांगितली आहे. काय पाहिलं, काय सुचलं, हात कुठे अडला. पोरांनी नाकं मुरडली. मला मात्र आवडलं.

तर मी इथे का आलो ते पहिल्याच पानावर लिहून टाकतो. माझ्या बायकोचा चेहरा काढायला. ती फोटो म्हटलं की पळायची. लग्नाच्या फोटोत तिनं नेमकी मान हलवली, तिथे नुसता पांढरा धूर आहे. सरकारी कार्डावरची बाई कोणीही असू शकेल. तिला जाऊन तीन वर्षं झाली. चेहरा अजून माझ्याजवळ स्वच्छ आहे, पण माझ्यानंतर तो कुठेच नसेल. म्हणून गिरणी विकली. बाकी महत्त्वाकांक्षा नाही.

१५ जुलै

वर्गातल्या मंडळींबद्दल काय लिहावं! एक मुलगी केस निळे करून येते. ती अर्धा तास कागदाकडे बघते, मग दोन फराटे ओढते आणि दमली म्हणून चहाला जाते. एक दाढीवाला पोरगा आहे, मी मनातल्या मनात त्याला तत्त्वज्ञ म्हणतो. त्याला नाकाखाली ओठ कुठे येतात ते कळत नाही, पण नाक हे मुळात काय असतं यावर तो तासभर बोलू शकतो. सगळे मला काका म्हणतात. काका, तुमची पेन्सिल पण पेन्शनीत निघाली का? काका, दळण कधी मिळेल? मी हसतो. यांच्या वयात मी पहाटे उठून गिरणीचा पट्टा चढवायचो. यांना सकाळी नऊला उठणं म्हणजे शोषण वाटतं.

आज घरून काढून आणायचं होतं, आठवणीतलं एक माणूस. मी तिला काढलं. एकही रेष पुसली नाही. तिची ती डावी भुवईसुद्धा आली. गिरणीवर कोणी खोटं बोलायला लागला, वजनात लबाडी करायला लागला, की ती काही बोलायची नाही, फक्त डावी भुवई वर जायची. एवढ्यानं माणूस वरमायचा. माझ्यावर ती भुवई कधी उचलली गेली नाही. चित्रात ती खालीच आहे, आपल्या जागी.

सरांनी चित्र हातभर लांब धरलं आणि म्हणाले, काका, ही बाई आहे की सरकारी नोटीस? रेष घाबरलेली आहे. वर्ग खिदळला. मी चित्र घरी आणून कोनाड्याशेजारी लावलं. सरांना चित्र कळत असेल. ती कोण होती ते त्यांना काय ठाऊक?

२४ जुलै

आता कोळशाच्या कांडीनं काम सुरू झालं. समोर मॉडेल म्हणून एक म्हातारी बाई बसते, शांत, गुडघ्यावर हात ठेवून. कोळशाची रेष खोडरबरानं पुसली तर कागदाची कातडी निघते, म्हणून ती पावानं पुसायची. पावाचा आतला मऊ भाग काढायचा, बोटांनी मळायचा आणि हलक्या हातानं कागदावर दाबायचा. काळं सगळं त्यात उतरतं. पद्धत जुनी आहे, असं सर म्हणाले.

पद्धत असेल. पण तास संपला तेव्हा मी जमीन पाहिली. पावाचे काळे गोळे सगळीकडे, आणि ही दीडशहाणी मंडळी चपला घालून त्यावरून चालत होती. तत्त्वज्ञ पोरानं एक गोळा लाथेनं निळ्या केसांकडे उडवला, तिनं परत उडवला. अन्नाचा चेंडू! मी गुडघे टेकून सगळे वेचले, धोतराच्या फडक्यात बांधले. कोणी म्हणालं, काका, गिरणीची सवय गेली नाही वाटतं. मी वर पाहिलंसुद्धा नाही.

खोलीवर येऊन गोळे खिडकीत ठेवले. चिमण्या आल्या, त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेल्या. कावळासुद्धा दोन पावलं मागे सरला. आता हे टाकायचं कुठे? आई म्हणायची, ताटातलं टाकलं की ते देवाच्या दारात तुझं नाव सांगतं. मी गोळे पाण्यातून काढले, डोळे मिटून नाव घेतलं आणि खाल्ले. तोंडात राख आणि गोडसर पीठ. समाधान वाटलं. त्यांच्या हातून जे वाया गेलं ते निदान कोणाच्या तरी पोटी लागलं.

६ ऑगस्ट

रोज वेचतो, रोज खातो. आता चव लागत नाही. आणि हात सुधारला! आज कांडी कागदाला लावली आणि ती आपली आपण धावली. सर माझ्या ईझलमागे येऊन थांबले आणि त्यांनी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. म्हणाले, बघा, याला म्हणतात जिवंत चेहरा.

मी खाली मान घातली, पण खरं सांगायचं तर सुखावलो. बघा म्हटलं, नोटीस वाचा आता.

फक्त एक गोष्ट. समोर बसलेल्या म्हातारीचा तो चेहरा नव्हता. निळ्या केसांची जवळ आली, निरखून बघत राहिली, मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, अय्या, हे माझं नाक! मंगळवारी मी काढलेलं, वाकडं आलं म्हणून पुसलं होतं. तत्त्वज्ञ म्हणाला, डोळा माझा आहे, एक मोठा एक बारका, मी कंटाळून पुसला होता. मग एकेक पुढे येऊन आपापलं ओळखू लागले. हा कान माझा. ही हनुवटी माझी. सगळे पोट धरून हसले. काका, आमच्या चुका चोरता होय!

चोरीचं मला हसू आलं नाही.

१३ ऑगस्ट

पाव खाणं बंद केलं आहे. खाली पडलेले गोळे वेचतो आणि झाडाच्या मुळाशी पुरतो. तरी हात ऐकत नाही. आज सुट्टी, म्हणून तिला काढायला बसलो, निवांत, दिवा लावून. कपाळ तिचं आलं. मग नाक. ते निळ्या केसांच्या मंगळवारचं नाक होतं. कागद फाडला, दुसरा घेतला. या वेळी डोळे, एक मोठा एक बारका, आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी गिरणीतलं लबाड गिऱ्हाईक.

त्या पोरांना मी नालायक म्हणत होतो. त्यांनी निदान आपली घाण बाहेर काढून टाकली. मी ती वेचून आत भरून घेतली, वर पुण्य समजून.

२० ऑगस्ट

दाढी करताना गाल कापला. वस्तरा रोजच्याच वाटेनं गेला, गाल तिथे नव्हता. आरशात नीट पाहिलं. नाक डावीकडे झुकलं आहे. थोडंच. मी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. थोडं जास्त.

फाटकावर रखवालदारानं ओळखपत्र मागितलं. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सलाम केला नाही. म्हणाला, हे कोणाचं कार्ड उचललंत?

२७ ऑगस्ट

आमची मुलगी आली होती. सासरहून, न कळवता. दार मी उघडलं. ती हातात पिशवी घेऊन उभी, आणि मला म्हणाली, बाबा आहेत का आत?

मी म्हटलं, अगं, मीच. आवाजावरून तिनं ओळखलं, पिशवी खाली पडली. म्हणाली, बाबा, काय झालं तुम्हाला? डॉक्टरकडे गेलात का? लकवा असेल, वेळेत दाखवलं तर बरं होतं. मी हो हो म्हटलं. काय सांगणार, की पावानं झालं?

मग तिची नजर भिंतीवरच्या चित्रावर गेली. ती एकदम आई म्हणाली आणि रडायला लागली. सरांना जे नोटीस वाटलं ते पोरीनं उंबऱ्यातून ओळखलं. जाताना म्हणाली, हे मला द्या ना बाबा. मी म्हटलं, काचेत बसवतो, मग ने. खरं तर सोडवेना. माझ्याकडे तेवढंच उरलं आहे. डोळे मिटले की बायको चुलीपाशी पाठमोरी दिसते, मी हाक मारतो, ती वळते आणि तिथे तेच वाकडं नाक—

तिला वळू देत नाही आता.

१ सप्टेंबर

कॉलेजात जात नाही. घरमालकीण दारातून ओरडली, कोण आहात तुम्ही, भाडेकरू कुठे गेला? पैसे दाराखालून सरकवले तेव्हा गेली.

देवापुढे बसलो. आरती पाठ आहे पण ओठ जुळत नाहीत. हे ओठ कोणीतरी घाईत काढलेले आहेत.

४ सप्टेंबर

सकाळी उठलो तर बोटं काळी. कांडी उशीजवळ. भिंतीवर तिचं चित्र, आणि नाकाच्या कडेला एक नवी रेष. मी ओढलेली नाही. म्हणजे, हातानं ओढली आहे, मी नाही.

हात बांधून झोपतो.

५ सप्टेंबर

गाठ सोडलेली. दातानं. उजव्या डोळ्याचा कोपरा बारीक केला आहे. भुवया अजून तिच्याच. हनुवटी तिचीच. रोज थोडं थोडं नेतील. यांना मी ओळखतो आता, पुसलेले, टाकलेले, लाथेनं उडवलेले. कोणालाच नको होते. म्हणून जो कोणाला तरी हवा आहे असा एकही चेहरा यांना बघवत नाही.

पोरीला द्यायला हवं होतं. आता देऊन काय, पोहोचेपर्यंत—

एकच विचार दिवसभर. पावानं जे उचललं ते माझ्यात राहिलं. एकही गेलं नाही. मग जी खरंच हवी आहे ती आत गेली, तर तीही राहील. त्यांच्यात राहील. तिच्यासमोर हे टिकतील? गिरणीवर कोणी टिकला नाही.

६ सप्टेंबर

धीर होत नाही. पाव आणून ठेवला आहे. तिला पुसायचं, माझ्या हातानं—

दुपारी हात पुन्हा भिंतीकडे गेला. मी तो दारात चेंगरला. रक्त. थांबला.

७ सप्टेंबर, सकाळ

केलं.

दिवा लावला. नाव घेतलं. पाव मळला, जसा सरांनी शिकवला तसा. कपाळापासून सुरुवात केली. कागदाची कातडी निघू दिली नाही. ती हलकेच पावात उतरली सगळी. शेवटी कागद पांढरा, लग्नातल्या फोटोसारखा. पावाचा एकच घास झाला. गिळताना रडलो नाही.

आता आरशासमोर बसून लिहितो आहे. नाक हललं. सरळ होतं आहे. देवा. तिचं नाक. ओठ मिटले, तिचे, तसेच. ते बाकीचे जात आहेत, एकेक, माना खाली घालून. डोळे आले. अगदी तिचे. किती दिवसांनी—

ती बघते आहे. माझ्याकडेच. मी आहे गं, मी. बोलायचं म्हणतो पण ओठ तिचे आहेत, ते उघडत नाहीत. ती मला निरखते आहे, वजनकाट्यावर ठेवल्यासारखी, आणि आता डावी भुवई हळूहळू व