सुईणीचं ऑपरेशन

९ नोव्हेंबर १९६४, सोमवार
आज दवाखान्यात दाखवलं. दाखवावंच लागलं. परवा मागच्या मोहल्ल्यातल्या एका सुनेचं बाळंतपण उरकलं, पोरगी छान रडली, नाळ बांधली, आणि मी उठायला गेले तर उठवेना. अंग सगळं बाहेर, पिशवीच खाली उतरलेली. लुगड्याच्या चिंधीचा बोळा आत सरकवायचा आणि वरून घट्ट पट्टा बांधायचा, असं माझ्या लेकीच्या, कमलच्या जन्मापासून चाललं होतं. परवा बोळाही राहीना.
यशोदा, माझी लहान जाऊ, सोबत होती. तिनं घरी आणलं आणि रस्ताभर बोलली. "बाई, गावभराच्या बायांचं पाहता अन् सोताचं लपवता. कोणाले फसवून राह्यल्या तुमी?"
डॉ. बाई लहानशा, आमच्या कमलच्या वयाच्या वाटतात. जबलपूरकडच्या, बोलणं सगळं हिंदीत. तपासायच्या आधी गरम पाण्यात हात बुडवून घेतले. हात फार हलका. आजवर दुसऱ्यांच्या पोटाला माझा हात लागला. दुसऱ्याचा हात आपल्याला लागला म्हणजे कसं वाटतं ते आज कळलं.
"अम्मा, कब से है?"
"कमल हुई तब से."
रागावल्या नाहीत. हात धुतले, पुसले, मग म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल.
मी विचारलं, "बाद में उकिडवं बैठ सकूंगी ना?" उकिडवं त्यांना कळेना. यशोदानं तिथंच खाली बसून दाखवलं, आणि सिस्टरसकट सगळ्या हसल्या. उत्तर मात्र एवढंच. तीन महिने उकिडवं नाही, वजन नाही, वाकणं नाही.
कमलचे दिवस जानेवारी अखेरीस भरतात. येताना बोटांवर मोजलं. घरी येऊन परत मोजलं. जमत नाही.

११ नोव्हें., बुध
काल ह्यांना सांगितलं. सुपारी कातरत होते, अडकित्ता खाली ठेवला.
"इतके वर्षं मले काहून नाही सांगतलं?"
"तुमी काय केलं असतं?"
"करणार काय, काहीच नाही. पन पान्याचा गुंड तं उचलू देला नसता."
आज उठून पाहते तर पाणी भरलेलं. अर्धं अंगणात, अर्धं गुंडात. कधी विहिरीवर गेलेला माणूस नाही.
डॉ. बाईंना म्हटलं होतं, लेकीचं होऊ द्या, मग माझं करा. त्या म्हणाल्या, "बेटी का करवाते-करवाते आप ही गिर पड़ीं, तो दोनों को कौन उठाएगा?"

१४ नोव्हें., शनि
कमल आली. जावई मोटरीनं सोडून गेले. अंगानं भरली आहे, गालावर तेज आहे. बघून बरं वाटलं.
तिचं पहिलं तिरोडीला सासरीच गेलं. दिवस भरायच्या आधी कळा आल्या. मला निरोप मिळून, मोटर मिळून, मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. मुलगा होता. पायाकडून आला, डोकं अडकलं. तेव्हापासून तिचं एकच, ह्या वेळेस आईच्या हातानं. सासूशी भांडून लवकर माहेरी आली ती त्याचसाठी.
ऑपरेशनचं सांगितलं. काखेतलं गाठोडं तिनं खाली ठेवलं नाही. तशीच उभी.
"मंग माह्यं कोन करन?"
म्हटलं, आधी बस तर.

१८ नोव्हें., बुध
भरती झाले. एरंडेल, एनिमा, वस्तरा. इतकी वर्षं मी बायांना म्हणत आले, माझ्यापुढे लाज कशाची. आज तेच मला मरियम सिस्टर म्हणाली, तिच्या केरळच्या हिंदीत. फार गोड म्हणाली. तरी लाज वाटायची ती वाटलीच. पुढे कोणा बाईला हे वाक्य म्हणताना जरा थांबून म्हणेन.
सिस्टरचं काम बघत राहावं असं. बाई खाटेवर निजलेली असतानाच तिच्याखालची चादर बदलते, बाईला कळतही नाही. यशोदा तोंड उघडं टाकून बघत होती. म्हणते, "तव्यावरची पोयी उलथवाव तशी बाई उलथवते, बाप्पा."
ह्यांनी बाहेरून खिडकीतून विचारलं, काही पाहिजे का. काही नको म्हटलं. तरी तिथंच उभे.

२० नोव्हें., शुक्र
आज. ऑपरेशनच्या खोलीकडे न्यायला येतील. कमलला येऊ नको म्हटलं होतं, आली आहे. पोटावर हात धरून बाकावर

२३ नोव्हें., सोम
आडवीच लिहिते. अक्षर उताराला लागलं आहे. तसंही कमलच्या पाटीवरून उचललेलं अक्षर, ते सरळ कधी नव्हतंच.
पाठीत सुई दिली. कमरेखालचं शरीर कुठं गेलं ते कळेना, जागी मात्र पूर्ण. डॉ. बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. मागतील ती वस्तू हातात. घाई कुठं नाही, आणि उशीरही नाही. अडल्या वेळी माझी किती आरडाओरड असते. पाणी आणा, दिवा धरा, सरका. शिकण्यासारखं आहे.
झाल्यावर मीच म्हटलं, पिशवी दाखवा. सिस्टरनं डॉ. बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. स्टीलच्या भांड्यात होती. इतक्या बायांची पोटं चाचपली, पण आतली वस्तू डोळ्यानं कधी पाहिली नव्हती. एवढीशी. पेरूएवढी. हिच्यात कमल मावली, आणि तिच्या आधीची दोन जगली नाहीत तीही मावली. ओढून ओढून दमलेली दिसत होती. हाताला सलाइनची सुई होती, नाहीतर नमस्कार केला असता. मनातल्या मनात केला.
डॉ. बाई म्हणाल्या, "बहुत काम किया है इसने."
मला रडू आलं ते तेव्हा. आधी नाही, नंतर नाही.

२५ नोव्हें., बुध
लघवीची नळी निघाली. खोकला आला की जीव जातो. सिस्टरनं पोटाशी उशी धरून खोकायला शिकवलं. रोज सकाळी तिचा पहिला प्रश्न, "अम्मा, हवा गई?" आज गेली. यशोदानं लगेच सगळ्या खाटांना बातमी दिली. बिरसाकडची गोंड बाई आहे शेजारी, आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तीही लुगड्यात तोंड घालून हसली.

२८ नोव्हें., शनि
घराशेजारच्या काकू भेटायला आल्या. केळी आणली, तोंडही आणलं. "आता आतून पोकय झाल्या तुमी. हाताचा गुन राह्यते का मंग?"
मी काही बोलायच्या आत यशोदा. "हातानं करते ना बाई माही, पोटानं कुठी करते?"
काकू केळी ठेवून गेल्या. आम्ही खाल्ली. गोड होती.
बोललं ते पण मनात राहतं. दिवसभर हात उलटेपालटे करून पाहिले.

२ डिसें., बुध
घरी.
ह्यांनी माझ्यासाठी एक वस्तू करून ठेवली आहे. जुन्या लाकडी खुर्चीचं बूड कापून त्याला गोल भोक पाडलं आहे, म्हणजे संडासाला मला उकिडवं बसायला नको. कडा घासून गुळगुळीत केल्या, वर चिंधी गुंडाळली. जन्मात ह्यांनी खिळा ठोकला नाही. एक पाय आखूड झाला आहे, त्याखाली खापराचा तुकडा. कमल म्हणते, "बाबानं तुले शिंव्हासन देलं." हे लाजले.
कोणाला सांगितलं तर हसतील. मी मात्र हे लिहून ठेवते आहे. अंगावर दागिना घालायची ह्यांची ऐपत कधी झाली नाही. त्याचं मला काही नाही.

१७ डिसें., गुरू
कमलच्या पोटाला तेल लावलं. उभ्यानंच, तिला खाटेवर निजवून. हात फिरता फिरता बरगडीखाली थांबला. टणक, गोल, सरकतं. परत फिरवला. खाली मऊ.
डोकं वर आहे.
कमल डोळे मिटून होती, म्हणाली, "किती बरं वाटून राह्यलं." मी हात थांबवला नाही.

१९ डिसें., शनि
माझ्या तपासणीला गेले. टाके ठीक. निघताना दारातून परत फिरले आणि कमलचं सांगितलं. डॉ. बाई म्हणाल्या, अजून दिवस आहेत, फिरेल कदाचित. नाही फिरलं तर इथंच आणायचं, घरी नाही.
म्हटलं, मी बाहेरून फिरवली आहेत काही मुलं. नाही म्हणाल्या नाहीत, ऐकून घेतलं. कसा हात लावता, जोर कुठं देता, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आपका हाथ जानता है, मानती हूँ. पर बच्चा अटक गया तो आपके घर में मेरे पास क्या होगा? कंदील?"
खरं आहे.

५ जानेवारी १९६५, मंगळ
फिरलं नाही. आज कमलला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, पोट तिचं आहे.
तिनं पोटावर पदर ओढला. "पयल्यावानी?"
"हौ."
"मी दवाखान्यात नाही जात. तू कर."
"मले वाकता नाही येत, बाई."
"मी खाटीवर होईन. तू उभी राह्यजो."
सगळा विचार करून ठेवलेला. माझीच लेक.
मोह झाला, ते इथं लिहिते. पायाळू मूल मला येतं काढता. काढली आहेत, जगलीही आहेत. हात म्हणतात, करशील. पण सगळीच जगली नाहीत, हेही हातांनाच माहीत. आणि शेवटी जो जोर लागतो तो आता माझ्या अंगात नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या तसं पोकळ म्हणून नाही. टाके आहेत म्हणून.
कमलला म्हटलं, माझ्यापेक्षा तिथं जास्त आहे. "मले जास्त नाही पायजे. मले तू पायजे."
संध्याकाळी जेवली नाही.

१४ जाने., गुरू
संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवला आणि कमल म्हणाली, "गोड बोल म्हणतं अन् मले परक्याच्या हाती देतं." ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तुई आई कोनाच्या हाती गेली होती? माह्या नजरेसमोर गेली अन् चालत आली."
हे एवढं लांब वाक्य बोलत नाहीत. कमलनं तिळगूळ तोंडात टाकला.

१९ जाने., मंगळ
माझ्या तपासणीच्या दिवशी कमल आपणहून निघाली. म्हणे, तुला धरायला कोणी पाहिजे. मीच तिला धरून चालले.
डॉ. बाईंनी गरम पाण्यात हात बुडवले, पुसले, तिच्या पोटावर ठेवले. मी कोपऱ्यात स्टुलावर. डॉ. बाईंचा हात बरगडीखाली बरोबर त्याच जागी थांबला. कमलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
परत येताना म्हणाली, "हात गरम आहे बाईचा." आणखी काही वेळानं, "डाक्टरबाई तुले आत घेईन का?"
नाही घेणार. घरच्या माणसानं बाहेर बसायचा कायदा आहे. मी विचारून ठेवलं होतं.
घर येईपर्यंत विचार करत होती. दारात चप्पल काढताना म्हणाली, "मंग बाहीर बस. पन बोलत राह्यजो. मले ऐकू आलं पायजे. गप नोको बसू."
म्हटलं, काय बोलू?
"काहीही बोल."

२४ जाने., रवि
पहाटे पाणी गेलं. ह्यांनी रिक्षा आणली. यशोदा पुढे पळाली, डॉ. बाईंना उठवायला. मी पोचले तेव्हा त्या केस बांधत दारात उभ्या होत्या.
आता दिवस बराच वर आला आहे. मी दाराबाहेर बाकावर. केव्हाची बोलते आहे. पाणी कोणी भरलं, यशोदानं वरण कसं लावलं, मागच्या मोहल्ल्यात माझ्या हातावर झालेली ती पोरगी आता कुशीवर वळते. येणारे-जाणारे बघतात. कोणी म्हणालं, म्हातारी भिंतीशी बोलते. बोलू दे. मरियम सिस्टर बाहेर आली, "अम्मा, थोड़ा धीरे." आतून कमल, "धीरे नाही."
आतलं मला ऐकू येतं तेवढं येतं. डॉ. बाई तशाच, आवाज न चढवता. त्यांनी एकदा "अभी नहीं" म्हटलं, आणि मला कळलं, मूल आपणहून खाली यायची त्या वाट पाहत आहेत. मीही तिथंच थांबले असते. घाई केली की डोकं अडकतं. ही डॉक्टर पोर घाई करत नाही. तिच्या आईनं काय खाऊन जन्माला घातली तिला.
यशोदानं चहा आणला. म्हणाली, तुम्ही घोटभर घ्या, मी बोलते. तिनं सुरुवात केली तर आतून, "काकू नाही. आई." तरी दोन घोट घेतले. हात रिकामे आहेत, त्यांना काही सुचत नाही, म्हणून हे लिहिते.
सिस्टर परत डोकावली. पाय दिसले म्हणाली. दोन्ही. गेली.
ह्यांनी उभं राहून टोपी काढली, परत घातली.
आत शांत झालं आहे. कमल श्वास घेते तेवढं ऐकू येतं. चहा राहू दे. ती सहा वर्षांची असताना शाळेमागच्या चिंचेवर चढून बसली, ते सांगत होते. वरच्या फांदीवर गेली, आणि खाली माणसं जमली, आणि ही म्हणते, मला उतरता येत नाही. तिथपर्यंत आले होते.
"आई. गप काहून झाली?"
इथंच आहे. सांगते. अजून तिला खाली उतरवायची आहे.