गिट्टीखालचं तळं

१३ मार्च १९६२
बुजवणार म्हणे! क्वार्टरामागचं तळं मुरूम टाकून सपाट करणार. कारखान्याचं काम आटोपलं तसा ठेकेदार गेला, अन् फुटक्या विटा, गिट्टी, गोठलेलं सिमेंट सारं तळ्यात लोटून गेला. कारखाना पाहाले येणाऱ्या पाहुण्यांची बस याच सडकेनं जाते. कारखान्याच्या साहेबाले त्याची लाज!

मी अन् शेजारची अन्नपूर्णा साहेबांकडे गेलो. म्हटलं, आम्ही साफ करतो, बुजवू नका. साहेब हसले — "ठीक है, रामनवमी तक का टाइम ले लो."

घरी हे म्हणाले, "तू कावून जीव जाळून राहिली? आपलं काय गाव आहे हे?"

 पण दोन वर्षांत मले इथं बसाले एक जागा नाही!

२५ मार्च
पहिल्या दिवशी आम्ही दोघीच होतो. आज क्वार्टरांची सारी लाइन उतरली! तेलगू, पंजाबी, बंगाली — एकीची भाषा दुसरीले समजत नाही, घमेलं मात्र साऱ्यांले समजते. हेही आले सब्बल घेऊन. "घरी बसलो तर जेवाले कोण वाढन?" म्हणाले.

२ एप्रिल
पत्र्यानं पाय कापला. टाके पडले. रडली.

७ एप्रिल
पायऱ्या निघाल्या! गिट्टीखाली दगडी पायऱ्या! लंगडत जाऊन पाहून आली.

१२ एप्रिल
रामनवमी उद्या, अन् मुरमाचा ट्रक आजच आला! आम्ही साऱ्याजणी पायऱ्यांवर जाऊन बसलो. साहेब ओरडून राहिले — "हटिए!" कोणी हललं नाही. तेवढ्यात पाहुण्यांची बस आली. बाया बसलेल्या पाहून त्यांले वाटलं, इथं काही पाहाण्यासारखं आहे. उतरले! एका रशियन बाईनं तर चपला काढून पाण्यात पाय सोडले.

कोणीतरी साहेबालेच विचारलं, "यह कौन-सी जगह है?"

 अन्नपूर्णा ठसक्यात म्हणाली, "हमारा तालाब है!"

साहेबांनी ट्रकवाल्याले हात केला — "मोड़ो गाड़ी."

जिंकलो! आज श्रीखंड करणार होती, दही नासलं. गुळाचा शिरा केला. साऱ्या लाइनीले वाटला.

२६ एप्रिल
आता बस रोज थांबते. कडेनं कडुनिंब लावले. संध्याकाळी बसाले जागा मिळत नाही!

६ मे
सकाळी बाजा वाजला. अनोळखी बाया तळ्यावर, लग्नाच्या चुलीसाठी तळ्याची माती न्याले आलेल्या. नवरीची आजी शकुबाई, इथलीच. कारखान्याले जमीन गेली, गाव उठलं. तळं उघडं झालं ऐकून परत आली. माझ्या क्वार्टराकडे बोट दाखवून म्हणाली, "उहाँ मोर अँगना रिहिस."

तिथं तिचं अंगण होतं.

मी तिचा हात धरून तिले घरी आणलं. उद्या नवरीले हळद माझ्या — नाही, शकुबाईच्या अंगणात!